फ्रान्सच्या पाहुण्या

यशना बाबाजी कोल्हापुरात साखर शिकायला आली होती. मॉरिशसमधलं तिचं गाव कास्कावेल. गावाच्या चारी बाजूंना ऊस आणि वडील साखर कारखान्यात. त्यामुळे पदवी झाल्यावर साखर तंत्रज्ञान शिकायचं तर उसाच्याच दुसऱ्या मुलखात जाऊन शिकावं, असं तिनं ठरवलं. पाच-सहा पिढ्यांमागं तिच्या घराण्यातलं कुणीतरी कोकणातून जहाजात बसून तिकडच्या मळ्यांवर मजुरीला गेलं होतं. त्या माणसाचं नाव आता घरात कुणाला आठवत नव्हतं, आणि यशनाला ते हुडकत बसायची हौसही नव्हती. तिला शिकायचं होतं आणि सुट्टी मिळाली की हिंडायचं होतं. मराठी तिला येत होती, पण शाळेत पुस्तकातून शिकलेली. ‘कृपया मला राजारामपुरीत सोडाल का?’ असं ती म्हणाली की रिक्षावाला आधी मान वळवून तिच्याकडं नीट बघून घ्यायचा, मगच रिक्षा हलायची.

राजारामपुरीत ती माईंच्या घरी वरच्या खोलीत राहायची. माई निवृत्त मुख्याध्यापिका. घरात त्या आणि त्यांची लेक अवंतिका, दोघीच. अवंतिका यशनाच्याच वयाची. ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असं ती बिनदिक्कत बोलायची, तेव्हा सुरुवातीला यशना दाराकडं बघायची, कोण पुरुष आला म्हणून. मग कळलं की कोल्हापुरात पोरी अशाच बोलतात.

यशनाला घाणीचं वावडं नव्हतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यावर ‘परदेशातनं आलेल्या पोरींचं नाक लई मोठं’ असं बरेच जण म्हणाले. वर्ग कारखाना बघायला गेला तेव्हा मळीच्या वासानं सगळी मुलं नाकाला रुमाल लावून उभी होती आणि यशना मात्र टाकीत वाकून बघत होती. तो वास तिच्या लहानपणाचा होता. तिला शिसारी आली ती वेगळ्याच गोष्टींची, आणि तिची सुरुवात अमरसिंहदादांपासून झाली.

अमरसिंह म्हणजे माईंचे धाकटे दीर. अख्खी गल्ली त्यांना दादा म्हणायची. एका रविवारी ते मोठी पांढरी गाडी घेऊन आले आणि दारातूनच ओरडले, “वहिनी, कुठं हाय ती फॉरेनची पोरगी?”

यशना जिन्यात बसून ओले केस पुसत होती. दादांनी तिच्याकडं नुसती नजर टाकली आणि ते म्हणाले, “ए पोरी, वरच्या म्याडमना जरा हाक मार की.”

“हीच ती,” माई आतून म्हणाल्या.

“ही?” दादांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. बाजारात वांगी चाळावीत तशी ती नजर होती. “काय वहिनी! ही तर आमच्या गडहिंग्लजकडची वाटत्या!” आणि ते तांबडे दात दाखवून हसले. तोंडातला गुटखा ओठांच्या कोपऱ्यात साचला होता.

यशनाही हसली. परक्या गावात माणूस आधी हसून बघतो. दादांनी लगेच सांगून टाकलं, “पावणं, कोल्हापूर बघायचं तर आमच्या गाडीतनं बघायचं. एष्टीतनं काय दिसतंय? आवरा, पन्हाळ्याला जाऊ.”

अवंतिकाही बरोबर निघाली. वाटेत दादांनी आपल्या नव्या उद्योगाची गोष्ट सांगितली. गगनबावड्याच्या रस्त्याला त्यांनी रिसॉर्ट बांधलं होतं. नाव ‘मातीचा गंध’. श्रावणात उद्घाटन. सांगता सांगता ते मधूनच काच खाली करून थुंकत. यशना त्यांच्या मागच्याच सीटवर, उघड्या खिडकीशी बसली होती. वाघबीळच्या वळणावर वारा उलटा आला आणि थुंकीचे शिंतोडे तिच्या बाहीवर आणि गालावर आले. कोमट. तिनं रुमालानं गाल पुसला, परत पुसला, कातडी लाल होईपर्यंत पुसला. दादा आरशातून बघून म्हणाले, “आलं व्हय अंगावर? वारा लई हाय.” आणि पुढच्या वळणावर परत काच खाली झाली.

पन्हाळ्यावर यशनाला तटबंदी बघायची होती. हिरव्या शेवाळानं भरलेला काळा दगड, खाली ढगात बुडालेली शिवारं. तो दगड बघून ती खरोखर थबकली. जवळ गेली तर कोपऱ्याकोपऱ्यात पिचकाऱ्या, आणि हात पोचेल तिथवर कुणाकुणाची नावं कोरलेली. एक जोडपं त्याच पिचकाऱ्यांना पाठ टेकून फोटो काढत होतं. तिनं कसाबसा कोरडा कोपरा शोधला आणि ती खाली बघत उभी राहिली, तोवर दादांनी हाक मारली. त्यांना बघायचं नव्हतंच. जेवायचं होतं, आणि जेवताना व्हिडिओ काढायचा होता. राजवीर नावाचा एक माणूस कॅमेरा घेऊन तिथं आधीच येऊन बसला होता. दादांच्या रिसॉर्टचे रील तो करायचा.

झुणका, भाकरी, खर्डा समोर आला. यशनानं खर्ड्याचा घास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. मॉरिशसमध्ये मिरचीशिवाय कुणी जेवत नाही.

“कट!” राजवीर म्हणाला. “दादा, ही तर चवीनं खायालीया.”

“अगं तिखट लागाय पायजे,” दादा म्हणाले. “डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी. ‘पाणी पाणी’ म्हणून उठायचं.”

“पण मला तिखट लागत नाही,” यशना म्हणाली.

“लागत न्हाय तर लाव की!”

चार-पाच वेळा तिनं घास घेतला. प्रत्येक वेळी नवी भाकरी, कारण मोडलेली भाकरी कॅमेऱ्यात बरी दिसत नव्हती. शेवटी दादांनीच बोटानं खर्डा उचलून तिच्या डोळ्यांजवळ नेला, नुसता वास लागावा म्हणून. त्याच बोटानं ते मघा दाढेतला गुटखा उकरत होते. यशना झटक्यात मागं सरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते खर्ड्याचं नव्हतं. राजवीरला मात्र हवं ते मिळालं. उरलेल्या भाकऱ्या कुणीतरी गोळा करून पत्रावळीसकट उताराला फेकल्या. तिथं आधीच प्लास्टिकचा ढीग होता आणि दोन कुत्री त्यात तोंड घालून उभी होती.

घरी आल्यावर यशनानं बाही साबणानं घासली. अवंतिका दारात उभी राहून म्हणाली, “काका हायतच तसं. पण मनानं वाईट न्हाईत.”

यशनाच्या मनात आलं, मन कुठं असतं या माणसाचं? पण पुस्तकी मराठीत हे कसं विचारावं, तिला सुचलं नाही.

मग उद्घाटनाचं बोलावणं आलं. यशना नाहीच म्हणणार होती. पण गगनबावडा तिला बघायचा होता. वर्गातल्या मुलींनी तिथले फोटो दाखवले होते. घाटाच्या तोंडावर उभं राहिलं की खाली सगळं कोकण, आणि ढग खालून वर येतात. बेटावर वाढलेल्या मुलीला डोंगराच्या कडेवरून समुद्राकडची जमीन बघायची होती, एवढंच. शिवाय माई हळूच म्हणाल्या, “जाऊन ये एकदा. न्हायतर तो मला वर्षभर ऐकवत बसंल.” माईंचं सगळं आयुष्य वर्गात आवाज चढवण्यात गेलं होतं, पण दिरापुढं तो आवाज कुठं जायचा कोण जाणे.

रिसॉर्टच्या कमानीवर फ्लेक्स होता. त्यावर दादांचा हात जोडलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘प्रमुख उपस्थिती : फ्रान्सच्या पाहुण्या’.

“फ्रान्सच्या कोण येणार आहेत?” यशनानं विचारलं.

दादांनी तिला बाजूला घेतलं. “हे बघ, तुमच्यात फ्रेंच बोलत्यात का न्हाय? बोलत्यात. मग झालं तर! मॉरिशस म्हटलं की लोक म्हणत्यात, आमची मेव्हणी हनिमूनला गेलती. वजन पडत न्हाय. तू आज मराठी बोलायचं न्हाय. बोंजूर म्हणायचं आणि हसायचं. दोन तासांचा प्रश्न हाय.”

“काका, हे खोटं आहे.”

“खोटं कुठलं? जाहिरात हाय.”

तिला एका खोलीत नेलं. मेकअप करणारी बाई तिच्या चेहऱ्याकडं बघून दादांना म्हणाली, “ह्यो रंग झाकाय दोन थर लागतील.” जणू भिंतच होती समोर. डब्यातला स्पंज कुणाकुणाच्या तोंडावरून फिरलेला. त्याला आंबट, शिळा वास येत होता. तो ओला स्पंज गालावर, ओठांवर, कानामागं फिरला. आरशात तिला पिठात लोळवल्यासारखा एक चेहरा दिसला. मान मात्र तिचीच, सावळी. मग मानेलाही पांढरं फासलं.

त्यानंतर राजवीरनं एका पिशवीतून सोनेरी केसांचा टोप काढला. कुठल्याशा ऑर्केस्ट्रातल्या नाचाचा होता तो. आत कुणाच्या तरी घामाचे पिवळे डाग आणि डांबरगोळीचा वास. तो डोक्यावर बसला तेव्हा यशनानं डोळे मिटले. अवंतिका कोपऱ्यात उभी होती. ती हसली नाही, पण काही बोललीही नाही. यशनाला त्या क्षणी दादांपेक्षा तिचाच जास्त राग आला. आणि मग स्वतःचा, कारण तीही ‘नको’ म्हणत नव्हती. दोन तासांचा प्रश्न आहे, असं तिनंही मनाशी म्हटलंच होतं.

बाहेर धुकं उतरलं होतं. झिमझिम चालू होती. मंडपात पाहुणे बसले होते, कुणी ठेकेदार, कुणी दुकानदार, बायका भरजरी साड्यांत. यशना आली तेव्हा सगळ्यांचे मोबाइल वर झाले. पहिल्या रांगेतले दोघे आपसात बोलत होते, आणि हळू बोलायची त्यांना काही गरज वाटत नव्हती.

“गोरी म्हणालता की अमर. ही डुप्लिकेट वाटत्या.”

“असू दे की. तोंडाकडं कशाला बघतोस? पाय बघ.”

यशनानं ऐकलं. तिला शब्द न् शब्द कळला, आणि पावडरीखाली तोंड गरम झालं. तिला सिंहासनासारख्या खुर्चीवर बसवलं. दादांनी माइक घेतला. “आपल्या मातीत पावण्याला देव मानत्यात! फ्रान्सच्या म्याडमचं स्वागत आपण आपल्या परंपरेनं करणार हाय!”

मागून एक म्हातारी आली. हातात पितळी परात आणि तांब्या. तिचं नाव तानाबाई, हे यशनाला नंतर कळलं. ती जवळच्याच वाडीवरची, रिसॉर्टमध्ये भांडी घासायला लागलेली. अंगावर कडक नवी नऊवारी, तीही रिसॉर्टचीच. तिच्या खांद्यावर अजून दुकानाची चिठ्ठी डकवलेली होती. म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत खाली बसली आणि यशनाचा पाय तिनं परातीत ओढून घेतला.

हात बर्फासारखे गार. बोटांना भेगा. पावसात भिजून ती थरथरत होती. तिनं पाणी ओतलं, पाय चोळला, पदरानं पुसला.

“कट,” राजवीर म्हणाला. “आजीचा चेहरा दिसत न्हाय. परत.”

परत पाणी. परत पदर.

“आजी, जरा हासा की!” दादा ओरडले. “सुतक पडलंय व्हय? देव आलाय दारात, देव! आणि पाय धुऊन झालं की त्या पाण्याचं बोट कपाळाला लावा. परंपरा हाय.”

अशी परंपरा तिथं बसलेल्या कुणी कधी पाळली नसावी, पण कुणी हूं की चूं केलं नाही. एका बाईनं तर मान डोलावली. तानाबाईनं परातीकडं बघितलं. पाण्यात चिखल होता, मेकअपच्या खोलीतून येताना पायाला लागलेला. तिनं बोट त्या पाण्यात बुडवलं आणि कपाळाकडं नेलं.

यशनानं पाय उचलून घेतले. परात कलंडली आणि गढूळ पाणी लाल गालिच्यावर पसरलं. ती उभी राहिली, डोक्यावरचा टोप उपटला आणि खुर्चीवर टाकला. खालून तिची काळीभोर वेणी सुटली.

“मी फ्रान्सची नाही,” ती म्हणाली. शब्द पुस्तकातल्यासारखे स्पष्ट होते. “मी मॉरिशसची आहे. हे केस माझे नाहीत. हा रंगही माझा नाही. आणि मला मराठी समजते. मी आल्यापासून तुम्ही जे बोललात ते सगळं मला समजलं आहे.”

पहिल्या रांगेतले दोघे खाली बघू लागले. मंडपात कुणीतरी फसकन हसलं. मोबाइल अजून वरच होते.

दादा माइक झाकून तिच्याजवळ आले. “काय लावलंयस ह्ये? बस खाली. अब्रू घालवालीस व्हय माझी?”

यशनानं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. ती खाली वाकून तानाबाईला म्हणाली, “आजी, आपण उठा. कृपया उठा.”

तानाबाई उठली नाही. तिनं मान वर करून यशनाकडं बघितलं. त्या बघण्यात माया नव्हती, आभार नव्हते, नुसता वैताग होता.

“पाय काढू नगा की, बाई,” ती म्हणाली. “हुतच आलतं. तुमी अशा उठलासा की मला परत पयल्यापास्नं बसाय लावत्यात. माजं गुडघं ऱ्हायल्यात व्हय?”

एवढ्या वेळात पहिल्यांदा यशनाला स्वतःच्या ओल्या पायांची किळस आली. म्हातारीला हाताला धरून उठवावं म्हणून ती पुढं झाली, तर तानाबाईनं हात झिडकारला आणि परात सरळ करायला लागली.

तेव्हा मागून अवंतिका आली. तिनं परात उचलून बाजूला ठेवली, तानाबाईला काखेत हात घालून उभं केलं आणि मंडपामागं स्वयंपाकाच्या चुलीजवळ नेऊन बसवलं. परत येऊन तिनं यशनाचा दंड धरला. “चल. मी बी आलो.”

“अवंते!” दादा ओरडले.

“काका, तुमचं पाय पुढं करा, मी धुतो,” अवंतिका म्हणाली. “न्हाय? मग ऱ्हाऊ दे.”

गगनबावडा स्टँडवर एसटीची वाट बघत दोघी बसल्या. नळाच्या पाण्यानं यशनानं तोंड धुतलं, पण दोन थर एवढ्यानं निघणारे नव्हते. कानाजवळ, मानेवर पांढरे ओघळ राहिले. डांबरगोळीचा वास केसांत बसला होता. स्टँडवरच्या बायका तिच्याकडं बघत होत्या. एकीनं अवंतिकाला विचारलं, “हिला कोड फुटलंय व्हय?” अवंतिका म्हणाली, “न्हाय मावशी, आमच्या काकांनी फासलंय.” आणि मग तिला हसू येईल असं वाटलं, पण रडूच आलं. “मी तवाच बोलाय पायजे हुतं,” ती म्हणाली. यशनानं ‘असू दे’ म्हटलं नाही. एसटी आली, आणि कळे गाव मागं पडेपर्यंत ती नुसती खिडकीतून बाहेर बघत राहिली. वाटेत एकदा एसटी थांबवून ती खाली उतरली आणि रस्त्याकडेला ओकली.

आता दादा माईंच्या घराची पायरी चढणार नाहीत, असं सगळ्यांना वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात ते आले आणि तेही पेढ्यांचा पुडा घेऊन.

“कुठं हाय आमची पावणी?” ते दारातूनच ओरडले. “लई चाललंय बघ! कुणीतरी त्यो व्हिडिओ टाकला आणि कोल्हापूर, सांगली, पार बेळगावपर्यंत गेला! लोक शिव्या घालत्यात मला, पर रिसॉर्टचं नाव सगळ्यांच्या तोंडात हाय. पुढच्या रविवारचं सगळं बुकिंग फुल्ल!”

यशना जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं होतं, हा माणूस रागावेल, नाहीतर लाजेल. त्याला दोन्हीतलं काही झालं नव्हतं.

“आता ऐक,” दादा खुर्चीत बसत म्हणाले. “आता फ्रान्स कॅन्सल. आता तू मॉरिशसचीच. पूर्वजांच्या मातीत लेक परत आली! तू वाकून माती उचलायची आणि रडायचं. ग्लिसरीन आपल्याकडं हाय.”

“तानाबाई कशा आहेत?” यशनानं विचारलं.

“कोण? हां, आजी! फॉर्मात हाय की. लोक तिच्यासंगं फोटो काढत्यात. आता तीच पाय धुत्या सगळ्यांचं. मागणी हाय.”

मंडपात यशनाला वाटलं होतं की आपण काहीतरी थांबवलं. थांबलं काहीच नव्हतं. उलट तिच्यामुळंच ते वाढलं होतं.

“मी येणार नाही,” ती म्हणाली. “आणि मला तुमची किळस येते, काका.”

एवढं सरळ कुणी दादांना आजवर बोललं नसावं. ते माईंकडं बघून हसले. “बघा वहिनी! किळस म्हणं! पुस्तकातलं शब्द!”

माई नुकत्याच चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप दादांपुढं ठेवला नाही. परत उचलला.

“बरोबर शब्द हाय,” त्या म्हणाल्या. “मला एवढ्या वर्षांत सुचला न्हाय, तिला सुचला. ऊठ, अमरसिंह. पेढं ने.”

“वहिनी—”

“ऊठ म्हटलं न्हवं!”

हा आवाज अवंतिकानं शाळेत असताना ऐकला होता. सातवीच्या वर्गातली पोरं तो ऐकून बाकावरून उठून उभी राहायची. दादाही उठले. पण जाताना त्यांनी फाटकापाशी पचकन थुंकायचं ते थुंकलंच, आणि गाडी सुरू करता करता ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, “न्हाय येत म्हणत्या. दुसरी बघ. रशियाची एक पोरगी इचलकरंजीत आल्या म्हणं.”

माईंनी फाटकावर बादलीभर पाणी ओतलं आणि खराट्यानं घासत राहिल्या. डाग पूर्ण गेला नाही.

श्रावण संपत आला तेव्हा यशना आणि अवंतिका एसटीनं गगनबावड्याला गेल्या. रिसॉर्टच्या कमानीसमोरून बस गेली तेव्हा यशनानं मान दुसऱ्या बाजूला वळवली. घाटाच्या तोंडाशी दोघी उतरल्या, कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. कठड्यावर रिकाम्या बाटल्या होत्या, वेफर्सची पाकिटं होती, आणि पुढं सगळं पांढरं. कोकण दिसलं नाही. समोरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. दोघी बराच वेळ थांबल्या. धुकं हललं नाही.

मग टपरीवर कांदाभजी खाल्ली आणि परतीची बस धरली. टपरीवाल्या बाईनं यशनाला एवढंच विचारलं, “मिरची देऊ का अजून?” आणि यशनानं हात पुढं केला.

दादांबरोबरच्या दोन्ही सहलींबद्दल यशनानं घरी काही सांगितलं नव्हतं; त्या रात्री आईला फोन करून तिनं पहिल्यांदाच एका सहलीची, त्या दिवशीच्या, सगळी हकीकत सांगितली. आईनं विचारलं, “मग काय बघितलंस तिथं?”

“काही नाही,” यशना म्हणाली. “धुकं होतं.”